ट्रायथलॉनसाठी सायकल : माझी छत्तीस गुणांची पत्रिका जरा तपासून द्या

एक्सेलराव
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय. वय ४३, उंची ५ फूट ५ इंच, राहणार पुणे, तीन वर्षं हायब्रिड (सपाट हँडलची साधी सायकल) चालवतोय. गोव्याची आयर्नमन ७०.३ ट्रायथलॉन करायचं मनात पक्कं केलंय, म्हणजे १.९ किमी समुद्रात पोहणं, मग ९० किमी सायकल आणि मग २१.१ किमी पळणं. २०१९ला मिरामारला ती पहिल्यांदा झाली तेव्हा मी बघायला गेलो होतो आणि तेव्हापासून किडा वळवळतोय. प्रश्न सायकलचा. चार पर्याय आहेत आणि डोक्याचा पार भुगा झाला म्हणून ऑफिसात व्हेंडर निवडताना करतो तसं वेटेज देऊन शीट केलं.

अ) नवी अ‍ॅल्युमिनियम रोडबाईक, शिमानो सोरा गिअर, ७२ हजार
ब) सेकंडहँड कार्बन ट्रायबाईक (ट्रायथलॉनसाठीच बनवलेली, पुढे वाकून बसायची), मुंबईतल्या एका ओळखीच्या माणसाची, साईझ ५६, १ लाख १० हजार (फोटो बघून जीव गेला हो)
क) नवी कार्बन रोडबाईक, शिमानो १०५ ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), १ लाख ९५ हजार
ड) घरची हायब्रिडच, चांगले टायर वगैरे घालून, १२ हजार

वेटेज : वेग म्हणजे एअरो (वारा किती कापते) ३०, किंमत २०, वजन १५, फिट आणि आराम १५, गिअर-ब्रेक १०, सर्व्हिस १०. एकूण १००. प्रत्येक सायकलला प्रत्येक गोष्टीत १० पैकी मार्क, याच क्रमाने :

अ : ५, ८, ५, ८, ६, ९ = ६५५
ब : १०, ६, ८, ४, ८, ४ = ७२०
क : ६, ३, ९, ८, ९, ८ = ६६५
ड : २, १०, २, ७, ४, १० = ५३५

म्हणजे ब सरळसरळ पहिली. रविवारी टोकन द्यायला मुंबईला जातोय. त्याआधी कुणाला यात काही चूक दिसते का?

पंक्चरनाना
रविवारी जाऊ नका.

पंक्चरनाना
मगाशी गिऱ्हाईक आलं म्हणून अर्धवट राहिलं. तुम्ही ५ फूट ५ आणि सायकल ५६? अहो ती पावणेसहा फुटाच्या वरच्या माणसाची सायकल आहे. तुमची साईझ ५० किंवा फार तर ५२. सीट खाली घेता येईल, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आखूड लावता येईल, सगळं खरं, पण फ्रेमची लांबी काही कापता येत नाही, तुम्ही त्या एअरोबारवर (कोपरं टेकवायचे पुढचे दांडे) असे ताणून पडाल की वीस किलोमीटरला मान गेली समजा. आणि तुम्ही स्वतःच फिटला ४ मार्क दिलेत, म्हणजे मनात कुठंतरी माहितीये तुम्हाला.

मावशी_ऑन_व्हील्स
पत्रिका म्हणालात म्हणून लिहिते, कारण उदाहरण अगदी फिट्ट आहे. गुणमेलनात वर्णाला १, वश्याला २, तारेला ३ असं चढत चढत भकूटाला ७ आणि नाडीला ८ गुण असतात, बेरीज ३६, आणि १८च्या वर जुळले की चालतं म्हणतात. आपल्याकडचं सगळ्यात जुनं वेटेज-शीट हेच असावं, त्यावर विश्वास ठेवा न ठेवा. पण भटजी काय करतात बघा, २८ गुण जुळले आणि नाडी एकच निघाली तर बेरजेकडे बघतच नाहीत, स्थळ बाद! काही गोष्टी बेरजेत टाकायच्या नसतात, आधी वेगळ्या काढून तपासायच्या असतात. साईझ ही तुमची नाडी आहे.

चिंचवडकर_कुणाल
मावशी 😂😂 +१
दहावीचं पण तेच की. गणितात नापास झालं तर मराठीतल्या ९५चं लोणचं घालायचं का?

एक्सेलराव
मावशी, साष्टांग नमस्कार. म्हणजे दोन टप्पे पाहिजेत, आधी पास-नापास आणि मग मार्क. पास-नापासात काय काय टाकू? साईझ, नुसत्या सायकलची किंमत २ लाखाच्या आत, आणखी?

मावशी_ऑन_व्हील्स
सेकंडहँड कार्बन असेल तर फ्रेमला तडा नाही हे माहितगार माणसाने हातात घेऊन बघितलेलं असणं. ब्रेक ओल्या रस्त्यावर भरवशाचे असणं. आणि ज्या रेसला जाताय तिथे ती सायकल चालणं. गोव्यात ड्राफ्टिंगला बंदी आहे, पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायचा नाही, १२ मीटर अंतर ठेवायचं, त्यामुळे ट्रायबाईक चालते. पण ऑलिंपिकसारख्या ड्राफ्टिंग चालणाऱ्या रेसमध्ये ट्रायबाईक चालत नाही, तिथे रोडबाईकचं खाली वळलेलं ड्रॉप हँडलच लागतं. तुमचा तिकडे जायचा विचार नसेल तर सोडून द्या. बास, यादी लांबवू नका, नाहीतर लग्नच होणार नाही.

गणितगोटे
शीट बघून राहवलं नाही. एक साधा प्रश्न आणि खरं उत्तर द्या. वेटेज आधी ठरवलं की सायकली बघून झाल्यावर?

एक्सेलराव
...
बघून झाल्यावर. आणि आता लपवत नाही, पहिल्या खेपेला वेगाला २० आणि किमतीला ३० दिले होते. तेव्हा अ ६८५ आणि ब ६८० येत होती. मग मला वाटलं की रेससाठीच घेतोय तर वेगाला जास्त पाहिजेत ना, म्हणून किमतीचे १० तिकडे ढकलले.

चिंचवडकर_कुणाल
म्हणजे मुलगी आधीच पसंत होती, पत्रिका नंतर जुळवली.

गणितगोटे
होतं असं, मीही फ्लॅट घेताना केलंय, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तीन गोष्टी सांगतो, जरा लांब होईल.

पहिली. वजनाला १५ का दिले? "वजन महत्त्वाचं असतं" म्हणून. पण महत्त्वाचं असतं का हा प्रश्नच चुकीचा आहे हो, तुमच्या यादीतल्या सगळ्यात जड सायकलवरून सगळ्यात हलकीवर गेलात तर तुमच्या पदरात काय पडतं हे विचारायचं. चारही सायकलींची किंमत सारखी असती तर किंमत कितीही महत्त्वाची असो, निवडीत तिचं वजन शून्य झालं असतं ना, तसंच. आता तुमच्या रोडबाईकींमध्ये फरक धरा २ किलोचा. ९० किलोमीटरमध्ये एकूण चढ ७०० मीटर धरला, मुद्दाम जास्तच धरतोय, तरी २ किलो तेवढे वर चढवायला लागतात सुमारे १३,७०० ज्यूल. तुम्ही १८० वॉटने पॅडल मारत असाल तर हे झाले ७६ सेकंद, सव्वा मिनिट! त्यातलं थोडं उतारावर परतही मिळतं. सव्वा मिनिटासाठी १५ मार्क?

दुसरी. वेग, वजन, गिअर असे तीन वेगळे कॉलम केलेत पण तिन्हीकडे तुम्ही एकच गोष्ट मोजताय, किती लवकर पोचतो. ३० अधिक १५ अधिक १० म्हणजे १००तले ५५ एकाच गोष्टीला गेले. एकाच आंब्याचे तीनदा पैसे.

तिसरी आणि खरी. वाऱ्याचा विरोध सायकलपेक्षा जास्त तुमच्या अंगाला होतो, आणि त्यासाठी लागणारा जोर, म्हणजे वॉट, वेगाच्या घनाने वाढतो. गाडीसकट ८५ किलो, उकाड्यातली हवा, साधारण रस्ता धरून हिशेब केला. ड्रॉप हँडलच्या वरच्या बाजूला हात ठेवून २८च्या वेगाने जाताय, ९० किलोमीटरला ३ तास १३ मिनिटं. त्याच जोराने, त्याच सायकलवर, नुसते क्लिप-ऑन एअरोबार लावून कोपरं टेकवून बसलात तर वेग साडेएकोणतीस, ३ तास ३ मिनिटं. दहा मिनिटं वाचली. आता पूर्ण ट्रायबाईक, नीट फिट केलेली, वेग ३०.४च्या आसपास, म्हणजे आणखी पाच-साडेपाच मिनिटं. आकडे माणसागणिक बदलतील पण प्रमाण असंच येतं. म्हणजे एकूण फायद्यातला दोन तृतीयांश हिस्सा एका हँडलच्या जोडीने येतोय आणि तुमच्या यादीत "अ अधिक एअरोबार" हा पर्यायच नाही!!

एक्सेलराव
गोटे सर, बसलो खाली. हे डोक्यातच आलं नाही, डोळ्यासमोर ज्या चार सायकली दिसल्या तेच चार पर्याय धरले मी.

नाशिकची_शेवंता
मी काय म्हणते, गोटेकाकांचा हिशेब बरोबर आहे पण त्यात "नीट फिट केलेली" हे दोन शब्द पटकन येऊन गेलेत, खरी गोम तिथे आहे. रोडबाईकची सीटची नळी साधारण ७३ अंशात कललेली असते, ट्रायबाईकची ७६ ते ८०, म्हणजे तुम्ही पुढे सरकून बसता आणि वाकलात तरी मांडी पोटात घुसत नाही. रोडबाईकवर नुसते एअरोबार लावून तितकंच वाकायला गेलं की कंबर आवळल्यासारखी होते, श्वास नीट घेता येत नाही आणि मग उतरून पळायला लागलं की पहिले चार किलोमीटर पाय आपले नसतातच. माझं झालंय. सायकलला सात मिनिटं कमावली आणि पळताना बावीस घालवली, नवरा दोन तास ऊन खात उभा होता. त्यामुळे एअरोबार लावाच, पण थोडे उंच लावा, सीट जरा पुढे घ्या, फिटिंगवाल्याकडे जाऊन करून घ्या, गुडघ्याला त्रास व्हायला नको. आणि रेसच्या आधी दोन-तीन महिने त्याच पोझिशनमध्ये सराव.

आमच्याकडे २०१५ला महाजन बंधू सायकलवर अमेरिका पार करून आले, रॅम म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका, तेव्हापासून नाशकात घरटी एक सायकलवाला झालाय आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य कार्बन घेऊ का. पहिलं वाक्य फिटिंग कुठे करू असं पाहिजे.

घाटातला_घामट
ट्रायबाईकबद्दल अजून एक कुणी बोललं नाही. पुण्यात ती चालवणार कुठे? एअरोबारवर हात असले की ब्रेक हातात नसतात, ते बाजूच्या हँडलला असतात, आणि आपल्याकडे दर तीनशे मीटरला सोसायटीने स्वखर्चाने घातलेला स्पीडब्रेकर. कात्रज उतरताना मी एकदा मित्राची ट्रायबाईक घेतली होती, पुन्हा नाव नाही काढलं. रेस वर्षातून एकदा, सराव ३०० दिवस. शीटमध्ये "सराव करता येतो का" हा कॉलम कुठाय?

पंक्चरनाना
घामट भाऊ बरोबर. आणि सर्व्हिसला ४ दिलेत ते पण जास्त आहेत. जुन्या ट्रायबाईकना कधी कधी मागचा ब्रेक पॅडलच्या खाली लपवलेला असतो, सीटपोस्ट त्याच कंपनीची लागते, केबल सगळ्या आतून, एक बदलायला अर्धा दिवस. कार्बन रिम असेल तर पॅड वेगळे लागतात, साधे लावले तर रिमची वाट. आणि गोव्याला नेणार कशी? साध्या रोडबाईकचं चाक काढा, हँडल फिरवा, बॉक्समध्ये टाका, झालं. ट्रायबाईकचं हँडल सोडवायचं आणि रेसच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या खोलीत परत जुळवायचं म्हणजे ज्याला सवय नाही त्याच्या तोंडचं पाणी पळतं. दर वर्षी रेसच्या आधी लोकांचे फोन येतात मला, नाना चेन कशी बसते.

चिंचवडकर_कुणाल
अवांतर : नाना तुमचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा

प्रतिसादमात्र
एवढा काथ्याकूट कशाला? मन म्हणतं ती घ्या. लोक साध्या सायकलवर पण फिनिश करतात. सव्वा लाखाची सायकल आणि सव्वाशे रुपयांचं स्टॅमिना अशी गत.

मावशी_ऑन_व्हील्स
@प्रतिसादमात्र, मन म्हणत होतं तीच तर ५६ साईझची निघाली ना.

एक्सेलराव
दोन रात्री बसून नवीन शीट केलं. मुंबईचं टोकन रद्द. ब नाडीवर बाद. वेटेज या खेपेला सायकलींची नावं झाकून बायकोसमोर ठरवलं, तिने दोन प्रश्न विचारले, गोवा झाल्यावर ही सायकल कोण चालवणार आणि ठेवणार कुठे, त्यामुळे सर्व्हिस आणि सोयीचे मार्क वाढले. वेग ३०, किंमत २०, वजन ५, फिट २०, गिअर १०, सर्व्हिस-सोय १५. गिअरमध्ये आता वेग मोजत नाही, फक्त चढावर पाय टिकतात का आणि ब्रेक कसे एवढंच. 'अ' आणि 'क'ला एअरोबार आणि फिटिंगचे १२-१२ हजार धरले, त्यामुळे 'अ'चा किमतीचा एक मार्क गेला.

अ : ७, ७, ५, ८, ६, ९ = ७३०
क : ७, ३, ९, ८, ९, ८ = ६८५
ड : ३, १०, २, ७, ४, १० = ६३०, हँडल सपाट आहे त्यामुळे एअरोबार लावून पण फार काही होत नाही असं नाना म्हणाले. फिटचे ७च ठेवले, सवयीची आहे म्हणून.

म्हणजे अ.

गणितगोटे
'ड'ची बेरीज परत करा. ३०ला ३, २०ला १०, ५ला २, २०ला ७...

एक्सेलराव
९०, २००, १०, १४०, ४०, १५०. ६३०च येतंय सर.

गणितगोटे
हो हो बरोबर, मीच घाईत चुकलो, चष्मा न लावता मोबाईलवर. बरं आता शेवटचा खेळ करा, निकाल हलवून बघा. किमतीचे ७ मार्क काढून गिअरला द्या, म्हणजे किंमत १३ आणि गिअर १७.

एक्सेलराव
अ ७२३, क ७२७. उलटलं!! मग या शीटचा उपयोग काय झाला?

गणितगोटे
फार झाला. ब आणि ड का नको हे कळलं, ते सात मार्कांनी हलत नाही. अ की क हे मात्र आकडे सांगू शकत नाहीत, ते एकाच प्रश्नावर अडलंय, की चांगल्या गिअरसाठी वरचे सव्वा लाख तुम्हाला जड जातात का. त्याचं उत्तर एक्सेलमध्ये नाही, तुमच्या पासबुकात आहे. सोरा ९ स्पीड आहे, १०५ आता १२ स्पीड येतो, बदलताना मऊ लागतो, सगळं खरं. पण पुढे ५०-३४ दातांची चाकं आणि मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) दोन्हीकडे असेल तर सगळ्यात हलका गिअर दोन्हीचा तोच. चढाला काही फरक पडत नाही.

नाशिकची_शेवंता
आणि तुम्ही पोहता कसे ते सांगाच एकदा. पोहण्याला १ तास १० मिनिटांची मर्यादा असते, समुद्रात लाटा, सरळ रेषेत जाता येत नाही, तिथेच बाहेर काढलं तर सव्वा लाखाचा गिअर स्टँडवर उभा राहून तुमच्याकडे बघत बसेल. पहिल्या रेसचे बहुतेक लोक सायकलवर नाही, पाण्यात घाबरतात.

एक्सेलराव
तलावात १.९ ला ५८ मिनिटं. समुद्रात कधीच नाही 😐

नाशिकची_शेवंता
बघा. सव्वा लाखातले वीस हजार कोचला आणि समुद्रातल्या चार-पाच सरावांना द्या, बाकी बँकेत.

घाटातला_घामट
+१ आणि टायरकडे कुणी बघत नाही. २८ मिमी रुंदीचे चांगले टायर घ्या, आपल्या रस्त्यांना २३-२५चा हट्ट नको, आणि ट्यूब बदलायचा सराव डोळे मिटून येईल इतका करा. पंक्चरला पहिल्यांदा मला २६ मिनिटं लागली होती, एका झटक्यात गोटे सरांचं सगळं एअरो गेलं.

एक्सेलराव
(तीन आठवड्यांनी)
अपडेट. अ घेतली. दुकानात ५२ लावून ठेवली होती, फिटिंगवाल्याने मोजमाप केलं आणि म्हणाला ५०, मग आठ दिवस थांबलो ५०साठी, दुकानदार "एवढं काय, स्टेम बदलून देतो की" म्हणत होता पण या वेळी नाडी आठवली. एअरोबार लावलेत, थोडे उंच. पहिल्या दिवशी सरळ रस्त्यावर पण हात टेकवायची हिंमत होत नव्हती, आता दहा-पंधरा मिनिटं राहतो, मग मान कुरकुरते. शनिवारी खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो, समोरून वारा असताना फरक खरंच जाणवतो, हसू येत होतं एकट्यालाच. समुद्राचा पहिला सराव पुढच्या रविवारी अलिबागला, पोटात गोळा आहे. आणि मुंबईच्या त्या माणसाला मी तोंडघशी पाडल्यासारखं झालंय, सायकल खरंच चांगली ठेवलीये हो त्याने, सहा महिन्यांपूर्वीच चेन, कॅसेट नवीन.

रत्नांग्रीचा_उंट
धागा पहिल्यापासून वाचतोय, आज लॉगिन केलं. माझी उंची ६ फूट १ इंच, आख्ख्या कोकणात माझ्या मापाची सायकल मिळत नाही. ती ५६ची ब अजून आहे का? फोटो आणि नंबर व्यनि करा, तडा बघायला नानांना घेऊन जातो.

पंक्चरनाना
गाडीभाडं आणि वडापाव तुमचा.